कलम दोन, चारित्र्य म्हणजे

विधी खात्यात त्याला सगळे ‘परंतु’ म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते तिथंच राहिलं. कायद्याच्या मसुद्यात मूळ नियम सांगून झाला की त्याला अपवाद जोडावा लागतो आणि तो अपवाद ‘परंतु’ने सुरू होतो. हे काम त्याच्याइतकं बिनचूक कुणालाच जमत नसे. बावीस वर्षं अपवाद लिहून लिहून ते वळण त्याच्या जिभेलाही लागलं होतं. चहा घेणार का विचारलं तर म्हणायचा, “घेईन, परंतु साखर अर्धीच.”

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला मुख्य मसुदाकार, म्हणजे त्यांचे साहेब, स्वतः त्याच्या टेबलापाशी आले. साहेब कधी जागेवरून उठत नसत. ते उठून आले म्हणजे काहीतरी पेटलंय हे सगळ्या खोलीने ओळखलं.

“परंतु, हातातलं सगळं बाजूला ठेवा,” साहेबांनी फाइल टेबलावर टाकली. “सरकारी शाळांत चारित्र्य आणि जीवननिवड, म्हणजे आयुष्याची वाट निवडणं, शिकवण्याचं विधेयक. शुक्रवारी अधिवेशन संपतंय, त्याच दिवशी सभागृहापुढे जायचंय. बुधवारी संध्याकाळी छापखान्यात पाहिजे.”

“तीन दिवसांत?”

“अडीच. आजची सकाळ गेली.”

त्याने फाइल उघडली. शिक्षण खात्याने मसुद्याचा सांगाडा पाठवला होता. सोबत एक यादी होती, एकवीस सद्गुणांची. सत्य, संयम, शिस्त, नम्रता अशी ती खाली खाली उतरत ‘टापटीप’पर्यंत आली होती. प्रत्येक गुणाला दहा मार्क, एकूण दोनशे दहा, पास व्हायला चौऱ्याऐंशी. आणि कलम दोनमध्ये नुसतंच लिहिलं होतं, ‘चारित्र्य म्हणजे’. पुढे कोरी जागा. समासात कुणीतरी पेन्सिलीने खूण केली होती, ‘विधी खात्याने भरावे’.

“वा!” तो स्वतःशीच म्हणाला. “माणसं जन्मभर शोधतात ते मी बुधवारपर्यंत भरायचं.”

पण खरं सांगायचं तर त्याला आनंदच झाला होता. बावीस वर्षांत त्याने विहिरींचं अंतर, वजनकाट्यांची तपासणी, मोकाट जनावरं, दुकानांच्या पाट्या असे कायदे लिहिले होते. चारित्र्याची व्याख्या करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बाह्या दुमडून तो कामाला लागला.

‘चारित्र्य म्हणजे चांगले वर्तन.’ लिहिलं आणि लगेच खोडलं. चांगलं कुणी ठरवायचं? ‘चारित्र्य म्हणजे सत्य, संयम, शिस्त इत्यादी.’ हेही खोडलं. कायद्यात ‘इत्यादी’ लिहिणं म्हणजे दार सताड उघडं टाकून गावाला जाणं. ‘चारित्र्य म्हणजे चारित्र्यवान व्यक्तीच्या अंगी असलेला गुण.’ हे वाचून समोरची टंकलेखिका खुदकन हसली.

“हे तर आमच्या कुत्र्यासारखं झालं,” ती म्हणाली. “स्वतःचंच शेपूट धरायला फिरतंय.”

पाच वाजेपर्यंत टोपली भरली, कलम दोन रिकामंच राहिलं. घरी जाताना त्याने थोरल्या बहिणीला फोन केला. ताई सरकारी शाळेत सहावीला शिकवायची.

“ताई, चारित्र्य म्हणजे काय गं?”

“बरं नाही का तुला?”

त्याने सगळं सांगितलं. ताई पोट धरून हसली, मग म्हणाली, “कचेरीत बसून पोहायला शिकतोयस तू. उद्या दुपारी वर्गावर ये. मुलांना विचार.”

मंगळवारी दुपारी दीडला तो सहावी ‘ब’च्या दारात उभा राहिला. छत्तीस मुलं, बाकांवर पेनने कोरलेली नावं, एका खिडकीचं दार सुतळीने बांधलेलं. डोक्यावरचा पंखा दर फेरीला खाकरत होता.

“हा माझा धाकटा भाऊ,” ताईने सांगितलं. “हा कायदे लिहितो.”

“चोरांचे?” मागून आवाज आला.

“चोरांसाठीचे,” ताई म्हणाली. “आज त्याची गाडी अडलीय. तुम्ही धक्का मारायचाय.”

त्याने खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘चारित्र्य म्हणजे’. हातांचं जंगल उभं राहिलं. खरं बोलणं. मोठ्यांचं ऐकणं. नखं कापणं. वहीला कव्हर घालणं. शेजारच्याचं पाहून न लिहिणं. हे शेवटचं सांगणाऱ्या मुलाने शेजारणीकडे पाहूनच सांगितलं. दहा मिनिटांत फळा भरला. त्याने मागे सरून पाहिलं तर काय, जवळपास तीच यादी! शिक्षण खात्याने एकवीस काढले होते, सहावी ‘ब’ने तेवीस. कलम दोन होतं तिथंच.

“झालं तुझं?” ताईने विचारलं. “मग आता आम्हाला आमचं काम करू दे. तू तिथं मागं बस.”

आमचं काम म्हणजे काय, ते त्याला लगेच कळलं. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, शाळांच्या शर्यती होत्या. मुलींच्या रिलेत शाळेच्या चौघी पळणार होत्या. तिसऱ्या टप्प्याला दोन वर्षं एकच मुलगी पळत आली होती. अंगाने इवलीशी, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. पण दीड महिन्यापूर्वी वर्गात एक मुलगी आली होती. अजून तिला टोपणनावही मिळालं नव्हतं, नुसतंच ‘नवी’ म्हणत. मैदानावर ती पळाली की बाकीच्या उभ्या असल्यासारख्या वाटत. आता तिसऱ्या टप्प्याला कोण? ताईने आठवडाभर वर्गाला विचार करायला दिला होता. आज ठरवायचं होतं.

आणि मग जी जुंपली!

“शर्यत जिंकायला असते,” खिडकीजवळची मुलगी उठली. “जी जास्त पळते ती जाईल. विषय संपला.”

“मग दोन वर्षं चिमणी सकाळी सहाला मैदानावर काय हवा खायला यायची का?”

“पण हरलो तर शाळेचं नाव जाईल!”

“नाव काय, दरवर्षीच जातं!”

सगळा वर्ग हसला. चिमणीही हसली, पण तिच्या बोटांनी रबराचे तुकडे तुकडे केले होते. ताई मधे एक शब्द बोलत नव्हती. कुणी कुणाचं वाक्य तोडलं तर तेवढं बोट वर करायची. एकाने चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या. दुसरी म्हणाली, चिठ्ठ्या म्हणजे आपण डोकं घरी ठेवून आलो असं होतं. तिसऱ्याचं म्हणणं, अर्धं अंतर चिमणीने पळावं, अर्धं नवीने. त्याला सगळ्यांनी मिळून खाली बसवलं.

मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला परंतु आपण कशाला आलो हे साफ विसरला होता. सभागृहातली भाषणं त्याने वर्षानुवर्षं ऐकली होती, पण असा कस लावून भांडणारं सभागृह त्याने पाहिलं नव्हतं. एका मुद्द्याला त्याच्याने राहवेना. तो ताडकन उभा राहिला. “परंतु जर का असं केलं...”

“काका, हात वर करा!” तीन-चार जण एकदम ओरडले.

तो ओशाळून खाली बसला आणि हात वर केला. त्याची पाळी आलीच नाही.

कारण तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. खेळात कुणी चिडलं की निकाल द्यायला तिलाच बोलवत, म्हणून तिचं नाव पंच पडलं होतं.

“अरे, पण,” ती मागे वळून म्हणाली, “नवीला कुणी विचारलंय का?”

सगळ्यांच्या माना नवीकडे वळल्या. पंख्याचं खाकरणं ऐकू यायला लागलं. पाऊण तास पस्तीस जण एका मुलीच्या पायांवर भांडत होते, आणि ती पाय दुमडून भिंतीला टेकून बसली होती.

नवी उभी राहिली. कान लालबुंद झाले होते. “मला रिले नको,” ती म्हणाली. “मला पळायला आवडतं, पण एकटीने. कुणाकडून बॅटन घ्यायचा म्हटला की माझा हात थरथरतो. तिकडच्या शाळेत माझ्यामुळे दोनदा पडला.” मग म्हणाली, “मला शंभर मीटर पळायचंय.”

“अगं, मग बोलली का नाहीस?” चिमणी उठून ओरडली.

“तुम्ही बोलूच देत नव्हता.”

आता कुणाला हसावं की रडावं कळेना. चिमणी मात्र ताईकडे वळली. “बाई! शंभर मीटरला आपल्या शाळेचं कुणी नावच दिलेलं नाही!”

ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून अडतीस मिनिटं. “नावं द्यायची मुदत आज तीनपर्यंत आहे,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “क्रीडा कचेरीत. अर्ज शिक्षकखोलीच्या कपाटात आहेत. पळा!”

तीन मुली बाणासारख्या सुटल्या. अर्ज आला. ताईने तो सरळ भावापुढे धरला. “भर. तुझं अक्षर सरकारी आहे.”

आयुष्यात त्याने इतक्या घाईने इतकं सुबक काही लिहिलं नसेल. नाव, इयत्ता, उंची, प्रकार. नवी उंची सांगत होती, चिमणी तिची पाठ भिंतीला लावून मोजत होती. पंच धावत जाऊन मुख्याध्यापिकांची सही घेऊन आली. दोन सत्तेचाळीस. ताईला वर्ग सोडून जाता येत नव्हतं. छत्तीस जोडी डोळे परंतुकडे वळले.

“काका,” नवी म्हणाली, “तुम्हाला पळता येतं का?”

चोपन्न वर्षांचा, विधी खात्यातला, कडक इस्त्रीचा माणूस कचेरीच्या बुटांनी तीन गल्ल्या पळाला. वाटेत एका सायकलवाल्याने शिवी दिली, ती त्याने पळता पळता मान्य केली. क्रीडा कचेरीच्या खिडकीतला कारकून झडप खाली ओढत होता. परंतुने झडपेखाली हात घातला.

“वेळ संपली,” कारकून म्हणाला.

“तीनला... चार... कमी आहेत.” त्याला धाप लागली होती. “आणि तुमच्या पाटीवर... ‘तीन वाजेपर्यंत’ लिहिलंय. ‘पर्यंत’मध्ये... तीनचा ठोकाही येतो.”

कारकुनाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “वकील आहात?”

“त्याहून वाईट. मी नियम लिहितो.”

ठप्प! शिक्का बसला. त्या आवाजाने त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

शाळेत परत आला तेव्हा ताईचा तास संपला होता. शिक्षकखोलीत तिने त्याच्यापुढे चहा ठेवला. अर्धी साखर तिला सांगावी लागत नसे.

“ताई, हे तू दर आठवड्याला करतेस?”

“तेवीस वर्षं. कधी शर्यत असते, कधी कुणाची मोडलेली मैत्री, कधी पुढे कुठल्या शाळेत जायचं, काय शिकायचं. त्यांचाच प्रश्न, त्यांनीच सोडवायचा. मी फक्त घड्याळ बघते.” मग तिचा चेहरा जरा उतरला. “आता तुझा कायदा आला की हे सगळं संपेल बघ.”

“ते का?”

“कारण कागद येतील. कोणत्या मुलात किती नम्रता, महिन्याच्या पाच तारखेच्या आत तक्ता भरून पाठवा. मी तक्ते भरेन आणि तास जाईल उडत. तुला जमलं तर एवढंच कर. आमच्यावर कागद लादू नकोस.”

बुधवारी सकाळी आठला तो कचेरीत हजर झाला, तेव्हा झाडूवालाही आला नव्हता. एका बैठकीत त्याने विधेयक लिहून काढलं. एकवीस गुणांची यादी काढून टाकली. कलम दोनमधली ‘चारित्र्य म्हणजे’ ही ओळही काढली. तिच्या जागी लिहिलं, की प्रत्येक सरकारी शाळेत आठवड्यातून एक तास वर्ग स्वतःच्या जगण्यातला खरा प्रश्न घेऊन बसेल. ज्याच्याविषयी निर्णय व्हायचा आहे त्याचं म्हणणं आधी ऐकलं जाईल. महिन्यातून एकदा काम करणारं कुणी माणूस वर्गात येऊन सांगेल, आपल्यापुढे कोणत्या वाटा होत्या, कोणती धरली, कुठे चुकलं. या तासाला गुण नाहीत, परीक्षा नाही. आणि त्याखाली, बावीस वर्षांचा सगळा सराव पणाला लावून: ‘परंतु, या तासाविषयी कोणतीही नोंदवही, तक्ता अथवा अहवाल शिक्षकाकडून मागवता येणार नाही.’

साहेबांनी मसुदा वाचला आणि डोक्याला हात लावला.

“व्याख्या कुठंय? यादी कुठंय? अहो, सोळा जणांची समिती आठ महिने बसली होती त्या यादीवर! डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?”

“आहे, परंतु...”

“आता परंतु मंत्रीबाईंना सांगा. चला.”

शिक्षणमंत्रीबाई राजकारणात येण्याआधी एकोणीस वर्षं परिचारिका होत्या. अजूनही त्या कागद उभ्यानेच वाचत, रुग्णाच्या पायथ्याशी तक्ता वाचावा तशा. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग परत पहिल्यावर आल्या.

“यादी काढलीत?”

“हो, बाई.”

“कुणाला विचारून?”

त्याला खोटं सुचलं नाही. “सहावी ‘ब’ला.”

साहेबांनी डोळे मिटून घेतले. बाई मात्र खुर्चीत बसल्या. “सांगा,” त्या म्हणाल्या.

त्याने सगळं सांगितलं. फळ्यावरची तेवीस उत्तरं, रिलेचं भांडण, पंच, नवी, तिचा थरथरणारा हात, झडपेखाली घातलेला स्वतःचा हात. सांगता सांगता तो उभा राहून हातवारे करू लागला, हेही त्याला कळलं नाही. बाई ऐकत होत्या, साहेबही नकळत पुढे सरकले होते.

“मग?” बाईंनी विचारलं. “शर्यत कधी आहे?”

“आज. आत्ता चालू असेल.”

“मग लावा की फोन! बघता काय?”

त्याने ताईला फोन लावून आवाज मोठा केला. मैदानावरचा गोंगाट मंत्र्यांच्या दालनात घुसला. शिट्ट्या, किंचाळ्या, भोंग्यावरच्या सूचना. त्यातून ताईचा बसलेला आवाज आला. “रिलेत पाचवे आलो! बॅटन नाही पडला! थांब, थांब, शंभर मीटर लागतंय... सुटल्या... अगं पळ... पळ गं माझी बाई...”

नंतर नुसताच कल्लोळ. साहेबांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

“दुसरी!” ताई किंचाळली. “दुसरी आली! केसाएवढ्या फरकाने! चिमणीने उचललंय तिला!”

मंत्रीबाईंनी टेबलावर अशी थाप मारली की पेनांचा पेला आडवा झाला. बाहेरून स्वीय सहायक धावत आत आला, काय झालं म्हणून.

“पाठवा छापायला,” बाई म्हणाल्या. “यादीवाल्या समितीला मी सांभाळते. पण शुक्रवारी तुम्ही माझ्या मागे अधिकारी दीर्घेत बसायचं. मी अडकले की चिठ्ठी द्यायची. तुम्ही घातलेला घोळ तुम्हीच निस्तरायचा.”

शुक्रवारी बारा वाजता विधेयक पुकारलं गेलं. दोन वाजता अधिवेशन संपणार होतं. परंतु मांडीवर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बसला होता. तळहातांना असा घाम सुटला होता, की पहिली चिठ्ठी लिहिण्याआधीच ओली झाली.

पहिला तास बरा गेला. मग विरोधी बाकांवरून एक सडसडीत म्हातारे सदस्य उठले. पूर्वी ते न्यायाधीश होते आणि ते उठले की मंत्री घाईने फायली उघडायला लागायचे. ते कधी आवाज चढवत नसत, त्याचीच भीती जास्त.

“अध्यक्षमहाराज,” ते म्हणाले, “या विधेयकात ‘चारित्र्य’ हा शब्द सात वेळा आला आहे. व्याख्या एकदाही नाही. ज्याची व्याख्या सरकारला करता येत नाही, ते सरकार मुलांना शिकवणार कसं?”

बाकं वाजली. मंत्रीबाईंनी मागे हात केला. मान वळवली नाही, नुसता हात, उघडा तळवा. परंतुचं डोकं क्षणभर कोरं झालं, कलम दोनसारखं. मग त्याला म्हाताऱ्यांचा काळा कोट दिसला. त्याने भरभर दोन ओळी खरडल्या आणि चिठ्ठी तळव्यावर ठेवली.

बाईंनी वाचली. त्यांच्या खांद्यांची हालचाल मागूनही दिसली. त्या हसत होत्या.

“सन्माननीय सदस्यांनी तीस वर्षं न्यायदान केलं,” त्या म्हणाल्या. “आपल्या न्यायालयांच्या कायद्यात ‘न्याय’ या शब्दाची व्याख्या कुठं आहे, ते त्यांनी सभागृहाला सांगावं. नसेल, तर तीस वर्षं ते काय देत होते?”

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी! दोन्ही बाजूंचे हसत होते, अध्यक्ष हातोडा आपटत होते. म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावून दाद दिली, आणि स्वतःही मनापासून हसले.

पण ते खाली बसले नाहीत. “मान्य,” हसू ओसरल्यावर ते म्हणाले. “व्याख्या नसतानाही न्याय देता येतो, कारण आम्ही दोन्ही बाजू ऐकतो. तुमचं कलम दोनही तेच सांगतं, हे मला आवडलं. पण गुण नाहीत, परीक्षा नाही, अहवालही नाही. मग हा तास उपयोगी पडतोय की वाया जातोय, हे कळणार कसं?”

हा प्रश्न खरा होता. परंतुने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. बाईंचा तळवा मागे आलाच नाही. त्या स्वतःच बोलल्या.

“खरं सांगू? आज मला माहीत नाही.”

मंत्र्याने सभागृहात असं म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्यांनी हातातलं विधेयक मिटलं.

“मग एक दुरुस्ती सुचवतो,” ते म्हणाले. “हा कायदा तीनच वर्षांसाठी करा. पुढे चालवायचा असेल तर पुन्हा या सभागृहापुढे आणा.”

“मान्य,” बाई म्हणाल्या, “पण त्या वेळी आधी मुलांना ऐकायचं. ज्यांनी तास अनुभवला त्यांना.”

“लेखी द्या,” अध्यक्ष म्हणाले. घड्याळात एक वाजून एकतीस मिनिटं झाली होती. “दहा मिनिटं. नाहीतर विधेयक पुढच्या अधिवेशनात.”

दहा मिनिटं! एरवी एका दुरुस्तीला त्यांच्या खात्यात दहा दिवस लागत. परंतुने कार्यक्रमपत्रिका उलटी केली आणि मांडीवर ठेवून लिहायला लागला. डोक्यावर सावली पडली. माजी न्यायाधीश दीर्घेच्या कठड्यावरून वाकून वाचत होते.

“‘मुलांचे मत विचारात घेऊन’ नको,” ते म्हणाले. “विचारात घेऊन केराच्या टोपलीतही टाकतात.”

“मग ‘मुलांचे म्हणणे प्रत्यक्ष ऐकल्याखेरीज’?”

“कुठं ऐकल्याखेरीज? बंद खोलीत?”

“‘सभागृहासमोर’!”

“हां! आता कसं!”

“परंतु किती मुलांचं? पाच शाळा?”

“वीस. पाच तर मंत्री निवडून आणतील.”

“मग निवड सोडतीने!”

दोघंही एकमेकांच्या अंगावर धावून गेल्यासारखे भांडत होते. बघणाऱ्याला वाटलं असतं हाणामारी होणार. पण परंतुला कळत होतं, म्हाताऱ्यांचे डोळे चमकताहेत, आणि आपलेही चमकत असणार. आयुष्यभर बंद खोलीत एकट्याने केलेलं काम आज तो भर सभागृहात करत होता. एक वाजून चाळीस मिनिटांनी कागद अध्यक्षांपुढे गेला. त्यावर तीन ठिकाणी खाडाखोड होती आणि एक घामाचा डाग.

अध्यक्षांनी दुरुस्ती वाचून दाखवली. “तीन वर्षांनंतर हा अधिनियम संपुष्टात येईल, परंतु, सोडतीने निवडलेल्या वीस सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांचे म्हणणे सभागृहासमोर प्रत्यक्ष ऐकल्यानंतर, सभागृहाला त्याची मुदत वाढवता येईल.” मग त्यांनी अनुकूल असणाऱ्यांना होय म्हणायला सांगितलं.

‘होय’ असा उठला की दीर्घेतली काच थरथरली. नाही म्हणणारे चार आवाज आले, त्यातला एक सवयीचा होता. विधेयक संमत झालं.

साहेब कधी येऊन शेजारी बसले होते, त्याला कळलंच नव्हतं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “परंतु,” ते म्हणाले. आणि पाठीवर दोनदा थोपटलं.

तो बाहेरच्या जिन्यात आला तेव्हा पाय जमिनीवर ठरत नव्हते. ताईला फोन लावला. तिचा तास चालू असणार हे त्याला ठाऊक होतं, पण आजच्या दिवशी तिनेच फोन खुर्चीवर ठेवायचं कबूल केलं होतं.

“झाला!” तो ओरडला. जिन्यातल्या पहारेकऱ्याने दचकून पाहिलं. “ताई, झाला मंजूर! तक्ता नाही, अहवाल नाही, नोंदवही नाही!”

पलीकडून ताईचा आवाज आला. “खरंच रे? लिहिलंय तसं? छापून?”

“काळ्यावर पांढरं! म्हणजे, पांढऱ्यावर काळं!”

“याला बोलता येईना झालंय,” ताई वर्गाला म्हणाली, आणि हसता हसता तिने फोनचा आवाज मोठा केला असावा, कारण एकदम छत्तीस जणांची गडबड आली. त्याने मग मुलांनाच सगळं सांगितलं. न्यायाधीशआजोबांचा प्रश्न, चिठ्ठी, दहा मिनिटं. तीन वर्षांनी वीस शाळांची मुलं सभागृहात बोलायला जाणार, सोडत निघणार.

“काका,” पंचाचा आवाज आला. तो त्याने लगेच ओळखला. “आमची शाळा निघाली, आणि आम्ही तिथं म्हटलं की हा तास काही कामाचा नाही, तर?”

“तर सभागृह तो बंद करू शकतं.”

“आमच्या म्हणण्यावरून?”

“तुमचं ऐकल्याशिवाय त्यांना काही ठरवताच येणार नाही.”

पंखा खाकरताना त्याला फोनवरही ऐकू आला. मग कुणीतरी म्हणालं, “म्हणजे आपल्याला आधी नीट ठरवावं लागेल!” दुसरं ओरडलं, “पण तेव्हा आपण नववीत असू!” तिसरं म्हणालं, “मग काय झालं, नववीतल्यांना तोंड नसतं का?” नवीने काहीतरी विचारलं, चिमणी तिला उत्तर देता देता भांडायला लागली. ताई हात वर करा, हात वर करा म्हणून ओरडत होती आणि कुणी ऐकत नव्हतं. परंतुने फोन कानापासून हातभर लांब धरला. जिन्यातला पहारेकरी जवळ येऊन विचारत होता, “साहेब, तिकडे झालं तरी काय?”

“काही नाही,” परंतु म्हणाला. “कामकाज सुरू झालंय.” आणि तो तिथंच पायरीवर ऐकत बसला.